आजीला बहिणी किती होत्या?

आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या काउन्सेलरने कोऱ्या कागदावर पेन्सिलीने एक चौकोन काढला आणि आतून काळा केला. तो चौकोन म्हणजे माझा मामेभाऊ. वय ३९, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, उजव्या बाजूचा, ऑपरेशन झालेलं. मग ती त्या चौकोनावरून वर वर जायला लागली. पुरुष असेल तर चौकोन, बाई असेल तर गोल, गेलेलं माणूस असेल तर त्यावरून एक तिरकी रेघ. मामा, मामी, मामाची भावंडं म्हणजे माझी आई आणि बेळगावची मावशी, मग आजोबा आणि आजी. प्रत्येक खुणेपाशी तिचे तेच दोन प्रश्न, काय झालं होतं आणि तेव्हा वय काय होतं. घरातलं सगळं मला ठाऊक असतं अशी मामेभावाची समजूत, म्हणून त्याने मला बरोबर नेलं होतं. आजीच्या गोलापर्यंत मी भराभर उत्तरं दिली. आजी पन्नाशीच्या आत गेली, गर्भाशयाच्या आजाराने, हेसुद्धा सांगितलं. त्यावर तिने विचारलं, ‘‘आजीला बहिणी किती होत्या?’’ दोन असाव्यात, किंवा तीन. मला सांगता येईना. तिने आजीच्या शेजारी एक गोल काढला, त्यात प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढे सरकली.

ते प्रश्नचिन्ह माझ्या डोक्यातून जाईना. मामाच्या कपाटात लाल कापडी बांधणीचा कुळवृत्तांत आहे. मूळ पुरुषापासून पुढच्या पिढ्या त्यात ओळीने लागलेल्या आहेत. कोण कुठल्या गावाहून आला, कोणाला इनाम मिळालं, कोण दत्तक गेला, सगळं त्यात आहे. लहानपणी सुट्टीत दुपारी दुसरं काही वाचायला नसलं की मी तोच काढून बसायचे. आजोबांच्या वरच्या सात पिढ्या मला अजून पाठ आहेत. घराण्यातल्या लेकींची नावंही त्यात आहेत, कुठे दिली तेही आहे, पण पुढे त्यांची मुलं नाहीत, कारण ती दुसऱ्या कुळाची. आजी तर सून म्हणून आलेली. तिची नोंद एका ओळीची, सासरचं नाव, माहेरचं नाव आणि वडिलांचं गाव. कृष्णाकाठच्या त्या गावात तिला किती भावंडं होती, त्यांचं पुढे काय झालं, हे त्या पुस्तकाने आपलं मानलंच नव्हतं. आणि माझा मामेभाऊ ज्या आजाराने आडवा झाला होता, तो याच बाजूने आलेला दिसत होता.

मग फोन सुरू झाले. आईला विचारलं, मामीला विचारलं, आजीच्या माहेरी आता राहणाऱ्या भावजयीला शोधून काढलं. माणसं सांगत होती, मनापासून सांगत होती, पण कॅन्सर हा शब्द कोणाच्या तोंडात नव्हता. ‘‘तिच्या पोटात गोळा आला होता.’’ ‘‘त्याला आव पडायची, रक्ताची, शेवटी नुसता झिजला.’’ ‘‘तिच्या अंगावरून फार जायचं.’’ ‘‘तिला बाहेरचं झालं होतं म्हणायचे.’’ वयं तर कोणालाच माहीत नव्हती, पण वेळ पक्की माहीत होती. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या पावसाळ्यात. दुष्काळाची कामं सुरू होती तेव्हा. थोरल्याची मुंज झाली आणि दोन महिन्यांत. ‘‘म्हातारी नव्हती गं, तिची धाकटी अजून परकरात होती,’’ असं भावजय म्हणाली आणि मी हिशेब मांडला, चाळिशीच्या आत. नावांचा घोळ त्याहून मोठा. माहेरी यमू असलेली सासरी जाऊन लक्ष्मी झालेली, दुसरीचं सासरचं नाव कोणाला आठवेना, नुसतं गाव आठवत होतं. आडनाव बदललेलं, नाव बदललेलं, गाव बदललेलं. अशा बाईचा माग काढायचा कसा?

शेवटी बहिणी तीन निघाल्या. त्यांतल्या दोघी पोटाच्या नाहीतर पिशवीच्या दुखण्याने गेलेल्या. भाऊ एक, तो आव पडून गेलेला. सगळे पन्नाशीच्या आत.

घराण्यातून उतरणाऱ्या या आजाराची गोष्ट पहिल्यांदा नीट ऐकून घेतली गेली ती अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बर या गावी, १८९५ साली. आल्ड्रेड स्कॉट वार्थिन हा तिथल्या विद्यापीठातला पॅथॉलॉजिस्ट. त्याच्या ओळखीची एक शिवणकाम करणारी बाई होती. ती एकदा त्याला म्हणाली की आपण फार जगणार नाही, आमच्या घरातली माणसं पोटाच्या नाहीतर बायकांच्या कॅन्सरने लवकर जातात, मीही तशीच जाणार. ती दिसायला धडधाकट होती. वार्थिनच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने बाईचं मनाला लावून घेणं म्हणून सोडून दिलं असतं. याने तिच्याकडून घरातल्या माणसांची माहिती घेतली आणि जर्मनीतून येऊन तिथे स्थायिक झालेल्या त्या मोठ्या कुटुंबाची पिढ्यांची नोंद मांडायला घेतली. ती बाई पुढे खरोखरच ऐन वयात गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वार्थिनने १९१३ साली ते सगळं छापलं. कुटुंबाचं नाव झाकून ‘जी घराणं’ एवढंच लिहिलं. या बाईचा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. मायक्रोस्कोपखाली जे दिसणार नव्हतं ते तिला माहीत होतं, कारण तिने आजारी माणसांची उशापायथ्याशी बसून सेवा केली असणार, कोणाला काय झालं आणि कोण कितव्या वर्षी गेलं हे तिला कोणी शिकवावं लागलं नसणार. माझ्या आजीच्या माहेरच्या भावजयीला जे माहीत होतं, त्याच जातीचं हे ज्ञान. फरक इतकाच पडला की तिकडे एका माणसाने ते लिहून घेतलं.

वार्थिननंतर बराच काळ फारसं काही झालं नाही. १९६२ साली नेब्रास्कातल्या ओमाहा इथे हेन्री लिंच नावाच्या तरुण डॉक्टरला एक रुग्ण भेटला. दारू सुटताना होणाऱ्या भ्रमातून तो नुकता सावरत होता. इतकी का पितोस असं विचारल्यावर तो म्हणाला, आमच्या घरात सगळे आतड्याच्या कॅन्सरने मरतात, मीही मरणार आहे, म्हणून पितो. लिंचने त्याच्या घराची माहिती काढली. त्याचं ‘एन घराणं’ आणि मिशिगनमधलं ‘एम घराणं’ अशी दोन घराणी १९६६ साली प्रसिद्ध झाली. पुढे जुन्या जी घराण्याचे कागदही त्याच्या हाती आले आणि १९७१ साली ॲन क्रश या समाजसेविकेबरोबर त्याने त्या घराण्याचा पुन्हा सगळा आढावा घेतला. तो काळ कॅन्सरचं कारण बाहेर शोधण्याचा होता, धूर, रसायनं, विषाणू. आनुवंशिकतेचं बोलणाऱ्या लिंचला संशोधनाला पैसे मिळेनात. तरी तो वर्षानुवर्षं घराणी जमवत राहिला. आज या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. जी घराण्यातला नेमका जनुकीय बिघाड सापडायला २००० साल उजाडलं. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने सांगितल्यापासून एका शतकाहून अधिक काळ.

बिघाड नेमका काय असतो, हे मला समजून घ्यायचंच होतं. मामेभावाच्या रिपोर्टावर ‘एमएसएच२’ असं एका जनुकाचं नाव होतं आणि त्यापुढे अंक आणि अक्षरं. मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचं काम केलंय, म्हणून असेल कदाचित, पण काउन्सेलरने समजावायला सुरुवात केली तसं ते मला आतून कळत गेलं. मोठं आतडं दीड मीटर लांब. त्याच्या आतल्या अस्तराला बारीक बारीक खोलगट विहिरी असतात, त्यांच्या तळाशी मूळपेशी बसलेल्या असतात आणि त्या सतत नव्या पेशी तयार करून वर ढकलत राहतात. चार-पाच दिवसांत ते अस्तर सगळं नवं होतं. दर वेळी पेशी दुप्पट होताना डीएनएच्या तीनशे कोटी अक्षरांचे दोन संच उतरवून काढावे लागतात. अक्षरं चारच आहेत, पण एवढं उतरवायचं म्हणजे चुका होणारच. उतरवणारं विकर स्वतःही तपासत जातं, तरी काही चुका निसटतात. त्या पकडायला दुसरी फळी असते. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही प्रथिनं जोडीने त्या धाग्यावरून सरकत जातात आणि जिथे जोडी चुकलीय तिथे थांबतात. मग एमएलएच१ आणि पीएमएस२ ही दुसरी जोडी येते, नव्या धाग्यातला चुकीचा तुकडा कापला जातो आणि तेवढी जागा पुन्हा लिहिली जाते. ही दुरुस्ती कशी चालते ते पायरीपायरीने उलगडून दाखवल्याबद्दल पॉल मॉड्रिच यांना २०१५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आमच्या कामात सगळ्यात दगा देणारी जागा म्हणजे तेच तेच अक्षर लागोपाठ येणारी. ‘ननननन’ असं कोणी रडताना लिहिलं असेल तर न पाच आहेत की सहा, डोळा फसतो. पेशीतही तसंच होतं. एकच अक्षर किंवा अक्षरांची जोडी सलग पुष्कळ वेळा येते तिथे उतरवताना एखादं गळतं किंवा वाढतं, आणि तपासणारी फळी नसेल तर ती चूक कायमची राहते. टीजीएफबीआर२ नावाच्या जनुकात ‘ए’ हे अक्षर सलग १० वेळा येतं. पेशीला ‘आता वाढू नकोस’ हा निरोप पोचवायचं काम त्या जनुकाचं. एक ‘ए’ गळलं की पुढची सगळी अक्षरं सरकतात, शब्द मोडतात आणि तो निरोप पोचत नाही. जन्मतः आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. लिंच असलेल्या माणसात एमएसएच२ किंवा त्याच्या जोडीदारांपैकी एकाची एक प्रत पहिल्यापासून बिघडलेली असते. दुसरी प्रत काम रेटत असते. आतड्याच्या कोट्यवधी पेशींपैकी एकीत ती दुसरीही बिघडली की त्या पेशीत चुकांना आडवणारं कोणी उरत नाही. म्हणून साधारणपणे अस्तरावर आलेल्या फुगवट्याचा, म्हणजे पॉलिपचा, कॅन्सर व्हायला जिथे दहाएक वर्षं लागतात, तिथे यांच्यात दोन-तीन वर्षांतही ते घडू शकतं.

याच चुकांच्या पसाऱ्यामुळे अशा गाठी शरीराच्या संरक्षक पेशींना परक्या वाटतात, आणि म्हणून इम्युनोथेरपीला, म्हणजे त्या संरक्षक पेशींनाच कामाला लावणाऱ्या उपचाराला, त्या विलक्षण प्रतिसाद देतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात गुदाशयाचा असाच कॅन्सर असलेल्या १२ रुग्णांना फक्त डोस्टारलिमॅब हे औषध दिलं आणि बाराही जणांची गाठ पूर्ण नाहीशी झाली, हे २०२२ साली प्रसिद्ध झालं तेव्हा मी कुठेतरी वाचलं होतं आणि विसरून गेले होते. मामेभावाचा रिपोर्ट हातात आल्यावर ते पुन्हा शोधून वाचलं. गाठ कुठल्या घडणीची आहे हे कळल्याशिवाय असं औषध सुचणारच नाही. त्यासाठी काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर ही चार प्रथिनं आहेत की नाहीत एवढं रंग लावून बघावं लागतं. त्याच्या डॉक्टरांनी ती तपासणी सांगितली, म्हणून आम्ही त्या पेन्सिलीच्या कागदापर्यंत पोचलो.

सगळे आतड्याचे कॅन्सर घराण्यातून येत नाहीत, हे मी नातेवाइकांना दर फोनला सांगते. शंभरातले पाचच्या आसपास असे ठळकपणे वारशाने आलेले असतात, आणि त्यांतले बरेच लिंचचे. एपीसी हा जनुक बिघडलेला असेल तर आतड्यात शेकडो पॉलिप येतात, ती वेगळी जात. बाकीच्यांमध्ये वय, प्रक्रिया केलेलं मांस, दारू, वजन, बैठं आयुष्य अशी बाहेरची कारणं आहेत. पोटातले जंतूही आहेत. २०२५ साली अकरा देशांतल्या ९८१ गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ई. कोलाय जंतूच्या काही वाणांनी तयार केलेल्या कोलिबॅक्टिन या विषाच्या खुणा चाळिशीच्या आतल्या रुग्णांमध्ये सत्तरीपुढच्यांपेक्षा तिपटीहून जास्त आढळल्या. तेव्हा तरुण वयात झाला म्हणजे घराण्याचाच, असंही म्हणता येत नाही. आपल्याकडे तर रुग्ण मुळातच तरुण असतात. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या ८०० रुग्णांच्या एका नोंदीत सरासरी वय ४७ होतं. त्या वयाच्या माणसाला शौचातून रक्त पडलं तर आधी मूळव्याध म्हटलं जातं. मामालाही आतड्याचाच कॅन्सर होता, त्याचंही तेच झालं. गावातल्या कोणाचं चूर्ण, मग कोणाचा लेप, मग धागा बांधून घेणं, असं करत दीड वर्ष गेलं. मामेभावाला तर रक्त दिसलंच नाही, कारण उजव्या बाजूचं रक्त खाली येईपर्यंत काळपट होऊन मिसळून जातं. त्याला फक्त दम लागायचा. हिमोग्लोबिन ७ वर आलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पुरुषाचं रक्त इतकं कमी का झालं, ते जातंय कुठे, हा प्रश्न एका तरुण डॉक्टरणीने विचारला. तिचे उपकार आमच्या घरावर आहेत.

१९९० साली ॲमस्टरडॅममध्ये तज्ज्ञांनी असं घराणं ओळखायचा नियम ठरवला. तीन नातेवाईक, लागोपाठच्या दोन पिढ्या, त्यांतला निदान एक पन्नाशीच्या आतला. पण मोजायचा तो फक्त आतड्याचा कॅन्सर. गर्भाशयाचा मोजायचा नाही. वार्थिनला सगळं सांगणारी बाई स्वतः गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली होती, आणि तिच्या घराण्यामुळे जो आजार कळला त्याच्या पहिल्या नियमात तीच बसली नसती. १९९९ साली नियम सुधारला, तेव्हा गर्भाशय आत आलं. आमचा कागद मी दोन्ही नियमांनी मोजून बघितला. जुन्या नियमाने आम्ही बसत नव्हतो. मामा आणि मामेभाऊ हे दोघेच, आजीचा भाऊ आव पडून गेला म्हणून धरायचा नाही. नव्या नियमाने आजी आत आली, पिशवीच्या कॅन्सरने गेलेली मावशी आत आली आणि कागद भरला. इतकी वर्षं ‘बायकांचं दुखणं’ म्हणून बाजूला ठेवलेल्या त्या गोलांनीच आमचं घर ओळखू आणलं.

मामाकडून मामेभावाला आलं, म्हणजे मामाला आजीकडून. आईला येण्याची शक्यता निम्मी. आई ७१ वर्षांची, सकाळी उठून दोन किलोमीटर चालणारी, तिला कधी काही झालेलं नाही. ‘‘माझं काय आता उरलंय, तुम्ही करा तपासण्या,’’ असं ती म्हणत होती. पण तिच्यात नसेल तर आमच्यात येणारच नाही, आणि मग मला आणि भावाला काहीच करावं लागणार नाही, हे सांगितल्यावर ती लगेच तयार झाली. रक्ताचा नमुना गेला, रिपोर्ट आला. तिच्यात आहे. तोच बिघाड, तीच अक्षरं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘मग मला कसा नाही झाला?’’ एमएसएच२ बिघडलेल्यांपैकी साधारण निम्म्यांनाच आतड्याचा कॅन्सर होतो, उरलेले तो जनुक घेऊन म्हातारे होतात, हे मी तिला समजावलं. गर्भाशयाचं उत्तर मात्र तिचं तिनेच दिलं. चाळिशीत गाठींमुळे तिची पिशवी काढून टाकली होती. तेव्हा ती महिनाभर रडली होती, बाईपण गेलं म्हणून. ‘‘म्हणजे त्या ऑपरेशननं मला वाचवलं की काय?’’ असं ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळून, ‘‘आणि तुम्हाला मी दिलं.’’

आई, तू ते निवडून दिलं नाहीस, असं मी म्हणाले. ते तिला पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. भावाची तपासणी चांगली निघाली, त्याच्यात नाही. माझ्यात आहे. तो मला फोनवर काही बोलूच शकला नाही, जणू माझ्या वाटणीचं नशीब त्याने घेतलं होतं. मला राग आला नाही, दुःखही सुरुवातीला वाटलं नाही. जे वाटलं ते चमत्कारिक होतं. आजीचे डोळे माझे आहेत असं सगळे म्हणायचे, तिचा आवाज माझा आहे असं आई म्हणते. त्या यादीत आता हे एक. जिच्या माहेरची माणसं मला धड ठाऊक नव्हती, तिचीच एक ओळ माझ्या अंगात जशीच्या तशी उतरलेली आहे, छापलेल्या चुकीसकट.

माझी कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं. आदल्या दिवशी डाळीचं वरचं पाणी, नारळपाणी आणि कोरा चहा. संध्याकाळपासून ते पावडर कालवलेलं पाणी, खारट आणि लिंबाच्या खोट्या चवीचं, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. तिसऱ्या ग्लासाला घशाने नकार दिला, तेव्हा आईने शेजारी बसून ग्लास थंड करून दिला आणि नाक धरून पी म्हणाली, एरंडेल पाजताना म्हणायची तसं. सकाळी गुंगीचं औषध थोडंच दिलं होतं. मला पडदा दिसत होता. आतून माणूस इतकं स्वच्छ गुलाबी असतं याची मला कल्पना नव्हती. ओलसर, चकचकीत, वळणावळणाचा बोगदा, त्यावर बारीक लाल शिरांची जाळी. शेवटच्या टोकाला पोचून परत येताना डॉक्टर थांबल्या. ‘‘हे बघा,’’ म्हणाल्या. मला आधी काहीच दिसेना. मग दिसलं, अस्तराच्या रंगाचंच, किंचित फुगीर, सपाट, सहा मिलिमीटरचं. त्यांनी त्याच्याखाली निळं पाणी टोचलं, तो भाग वर उचलला गेला, तारेचा फास आला, आवळला, आणि तिथे एक स्वच्छ वाटोळी जखम राहिली. पाहता पाहता झालं. बायोप्सीत ॲडेनोमा आला, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल असा पॉलिप, कॅन्सर नाही. फिनलंडमध्ये अशा घराण्यांतल्या माणसांचा पंधरा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ठरावीक काळाने ही तपासणी करत राहिलेल्यांमध्ये आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी निघालं. ते ६२ टक्के म्हणजे काय, ते मी त्या पडद्यावर बघितलं. मामाच्या वेळी हे कोणी बघितलं असतं तर, हा विचार येतो आणि त्याला तिथेच थांबवावं लागतं.

राहिली बेळगावची बाजू. मावशी ५२ व्या वर्षी पिशवीच्या कॅन्सरने गेली, म्हणजे तिच्यातही हे असणार, आणि तिच्या मुलीत, ताईत, असण्याची शक्यता निम्मी. ताईची मुलगी लग्नाची आहे. मी फोन केला तेव्हा ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘अगं, आत्ता स्थळं बघतोय आम्ही. घराण्यात असलं काही आहे हे बाहेर गेलं तर कोण करून घेईल तिला? एवढं लग्न होऊ दे.’’ मला तिचा राग आला, आणि तिचं चुकतंय असंही म्हणवेना. मुलीकडच्यांना काय काय विचारलं जातं ते मी बघितलंय. आणि ही भीती आपल्याकडचीच आहे असंही नाही. खुद्द वार्थिन सुप्रजननवादाच्या बाजूचा होता. घराण्यांची चांगली-वाईट प्रतवारी लावणाऱ्या त्या विचाराने अमेरिकेत हजारो माणसांची सक्तीने नसबंदी झाली. एका बाईचं बोलणं इतकं मन लावून ऐकणारा माणूस तिच्या घराण्याकडे त्या नजरेने बघू शकतो, हे वाचून मी हबकले होते. तेव्हा ताईने तोंड मिटून घेतलं याचं मला नवल वाटत नाही. पण तिची मुलगी २६ वर्षांची आहे, आणि अशा घरांत कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीतच सुरू करायला सांगतात.

काउन्सेलरने मला नातेवाइकांसाठी एक पत्राचा नमुना दिला होता, इंग्रजीत. मी तो बाजूला ठेवला आणि आपल्या भाषेत लिहिलं. आजीच्या तीन बहिणींची, भावाची, मामाची, मावशीची नावं, बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही, ज्यांची मिळाली त्यांची. कोणाला काय झालं, साधारण कितव्या वर्षी. मग जनुकाचं नाव आणि तो बिघाड, रिपोर्टात छापलाय तसा, एकही अक्षर न बदलता, कारण पुढच्या तपासणीला नेमका तोच शोधायचा असतो आणि मग खर्चही कमी येतो. खाली एवढंच, की तपासणी करायची की नाही हे तुझं तू ठरव, लग्नाच्या बोलण्यात कोणाला काय सांगायचं तेही तुमचं तुम्ही ठरवा, पण हे पत्र तुझ्या डॉक्टरांना दाखव. फोनवर फोटो पाठवला तर तो कोणाकोणाला दिसेल सांगता येत नाही, म्हणून पाकिटात घालून कुरिअरने पाठवलं.

बरेच दिवस काही नाही. परवा दुपारी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, आईच्या तब्येतीचं विचारलं, उसाची बिलं अडकल्याचं सांगितलं. मग म्हणाली, ‘‘तू नावं कुठून काढलीस गं सगळी? यमूमावशी आजीचं नाव मला आठवतं. माझ्या बारशाला आली होती म्हणे.’’ मी सांगितलं कुठून काढली ते. थोडा वेळ तिकडून मिक्सरचा आवाज येत राहिला.

‘‘हे मुलाकडूनपण पुढं जातं का? का मुलींनाच?’’

‘‘दोघांनाही होतं ताई, दोघांकडूनही जातं. मामाकडूनच गेलं की त्याच्या मुलाला.’’

‘‘म्हणजे आमच्या अभ्यालापण बघायला लागेल.’’

‘‘आधी तुझं बघू. तुझ्यात नसेल तर दोघांचाही प्रश्न मिटला. एकच रक्ताची तपासणी.’’

‘‘रात्री नऊनंतर कर फोन,’’ ती म्हणाली, ‘‘ह्यांनापण बसवते शेजारी. आणि मला परत सगळं पहिल्यापासून सांग, त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचंसुद्धा.’’